रिव्हर्समध्ये चढलेला घाट

“बाबी, मी रिवर्स घातलंय मां रे?”

“घातलात.”

“नीट बघ.”

मी नीट बघितलं. त्या गाडीत गिअरचा दांडा स्टिअरिंगलाच चिकटलेला होता, आणि तो रिव्हर्समध्येच होता.

“रिवर्सातच हा, भाई.”

“मगे मेली फुडे कशी जाता?”

फोंडा घाटाच्या त्या वळणावर ह्या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे नव्हतं, भाई तायशेट्यांकडे नव्हतं, आणि गाडीकडे असलंच तर ती द्यायला तयार नव्हती. भाईंनी मागं जायचा गिअर टाकला, क्लच सोडला, आणि ती काळी, गाभण म्हशीच्या पोटाची जर्मन गाडी गुमान चढणीला लागली, एवढं मी डोळ्यांनी पाहिलं. भाईंनी दचकून ब्रेक दाबला. मांडीवरचं अष्टपुत्रीचं गाठोडं मी छातीशी धरलं, कारण धरण्यासारखं जवळ दुसरं काही नव्हतं.

आता तुम्ही म्हणाल, झाला हा बाबी घाडी सुरू. म्हणा. थापा मारणाऱ्या माणसाचं हेच दुखणं असतं. त्याच्या वाट्याला एखादी खरी गोष्ट आली की ती सांगायला त्याला पत उरत नाही. माझ्यावर विश्वास ठेवू नका. गाडीवर ठेवा.

भाई तायशेटे म्हणजे आमच्या फोंड्यातल्या लाकडाच्या वखारीचे मालक. मी त्यांच्याकडे ओंडके मोजायला होतो. शिवाय गावात कुणाचं शुभ असो, अशुभ असो, देवापुढं गाऱ्हाणं घालायचं काम आमच्या घराकडे पिढीजात. भाईंनी लग्न केलेलं नव्हतं. घरात ते आणि दारात ही गाडी. पोर्तुगीज गेल्यावर म्हापशाच्या एका भाटकाराकडून, म्हणजे तिकडच्या जमीनदाराकडून, घेतलेली. नाकावर तीन पाकळ्यांची चांदणी आणि पोटात चार सिलिंडरचं डिझेल इंजिन. गावात पेट्रोलच्या दोन जीपगाड्या होत्या, त्या सकाळी गुणगुणत उठायच्या. ही उठायची ती घरातल्या म्हाताऱ्यासारखी. आधी खोकला, मग खाकरणं, मग काळा धूर, आणि एकदा का जागी झाली की दिवसभर कुणाचं ऐकून घ्यायची नाही. भाईंचा तिच्या आवाजावर जीव. “आयक बाबी, चार बायको मसालो कुटतत,” असं म्हणायचे आणि डोळे मिटून ऐकायचे. तिचं तेल मापायची पट्टी ते दुसऱ्या कुणाला पुसू देत नसत. तेल कमी पडलं की इंजिन आतल्या आत जळून जाम होतं, हे त्यांनी मला इतक्या वेळा सांगितलं होतं, की भाजीला फोडणी देतानाही मला धास्ती वाटायची.

त्या दिवशी घाटावर कुंभारमाळला भाईंच्या भाचीचं, हेमाचं, लग्न होतं. सख्ख्या बहिणीची एकुलती लेक, आणि मुहूर्त दुपारचा. मामानं आणलेली पिवळी अष्टपुत्री नेसून मुलगी बोहल्यावर चढते आणि मामा तिच्या पाठीशी उभा राहतो, हे तुम्हाला सांगायला नको. पण हा मामा आणि ती बहीण, सुलोचनाबाई, ह्यांच्यात कित्येक वर्षं अवाक्षर नव्हतं. सगळ्या फोंड्याला ते ठाऊक होतं. का, ते मात्र कुणालाच धड ठाऊक नव्हतं. अक्षत घेऊन मेहुणे आले होते, शंकरराव कोरगावकर. जाताना उंबऱ्यात थांबून म्हणाले, “भाई, तुमी आला न्हाईसा तर पोरीच्या पाठीमागं भाड्याचा मामा हुबा करावा लागंल बगा.” भाई हसले होते. येतो म्हणाले होते.

निघायच्या सकाळी बॅटरीनं मान टाकली. वखारीच्या गड्यांनी ढकलून गाडी पेटवली. डिझेलचं एक बरं असतं. पेटायला त्याला दुसऱ्याची मदत लागते, पण पेटल्यावर बॅटरी नको, चावी नको, काही नको. बंद करायचं म्हटलं तर डॅशबोर्डखालची मूठ ओढून त्याचं डिझेल तोडावं लागतं. तेव्हा ठरलं असं, की कुंभारमाळ येईपर्यंत त्या मुठीला कुणी हात लावायचा नाही.

आणि अर्ध्या घाटात, ऐन वळणावर, इंजिन आपणहून बंद पडलं. गचका देऊन. गाडी मागं घरंगळायला लागली. भाईंनी ब्रेक दाबला, तो पुरेना. गिअरमध्ये अडकेल म्हणून क्लच सोडला. एक असा दणका बसला की माझी टोपी मागच्या सीटवर गेली. आणि काय आश्चर्य, इंजिन धडधडायला लागलं! मी तिथल्या तिथं हात जोडले. पण भाईंचा चेहरा काही खुलला नाही. जरा वेळानं म्हणाले, “नको बाबी. गाडीचा लक्षण माका बरा दिसणा नाय. परतया.”

“आणि लग्न?”

“गाडीच बिघडली, त्याक आपण काय करतलाव?”

वळणावर जागा होती. तिथं गाडी मागं घेऊन वळवायची म्हणून त्यांनी रिव्हर्स टाकला. पुढचं सांगून झालंच आहे.

“पयलो घाला बघूया,” मी म्हटलं.

त्यांनी पहिला गिअर टाकला. गाडी मागं निघाली, थेट दरीकडे. मागच्या काचेत नुसतं आभाळ दिसायला लागलं. मी असा ओरडलो, की खालच्या गावात दुसऱ्या दिवशी त्याची चौकशी झाली. भाईंनी दोन्ही पायांनी ब्रेक धरला, हातब्रेक ओढला, आणि आम्ही उड्या टाकून बाहेर पडलो. मी धोंडे आणून चाकांना लावले. इंजिन चालूच. पण आवाज बदललेला. चार बायकांनी मसाला सोडून एकमेकींना कुटायला घेतल्यासारखा.

मग धूर दिसला. बॉनेटच्या फटींतून काळा, दाट धूर.

“आग!” मी म्हटलं.

भाईंनी रुमालानं बॉनेट उघडलं. आग कुठंच नव्हती. एरवी जिथून इंजिन हवा ओढून घेतं, त्या फिल्टरच्या तोंडातून धूर भकाभका बाहेर पडत होता. भाई वाकून बघायला गेले आणि वर आले ते गळ्यापर्यंत गोरे आणि वर कोळसा.

“ह्या काय रे बाबी?”

“तुमचा तोंड, भाई.”

“तोंड नाय रे! ह्या, ह्या काय?”

घाटातून एक धनगर म्हशी घेऊन उतरत होता. धुळू झोरे त्याचं नाव. नंतर आमची ओळख झाली, तेव्हा कळलं. तो गाडीभोवती एक फेरी मारून आला आणि म्हणाला, “पावणं, तुमची गाडी नाकातनं धूर सोडतीया.”

“ता दिसता आमका,” भाई खेकसले.

“आन् शेपटीकडनं वास घेतीया.”

“काय?”

“या की हिकडं.”

आम्ही मागं गेलो. सायलेन्सरच्या नळीच्या तोंडाला कुंभ्याच्या झाडाचं एक वाळकं पान चिकटून बसलं होतं. धुळूनं ते काढलं, जरा दूर धरलं, सोडलं. पान सुर्रकन उडालं आणि पुन्हा नळीला जाऊन चिकटलं. ज्या नळीतून भकभक बाहेर यायचं, ती नळी आत ओढत होती. धुळूनं पुन्हा पान काढलं, पुन्हा सोडलं. त्याला गंमत वाटायला लागली.

“पुरे!” भाई ओरडले.

ते आत डोकावून आले. “तेलाचो काटो शून्यावर पडलो हा. बाबी, गाडीक काय्यतरी लागलेला हा. गाऱ्हाणा घाल.”

“गाडीक?”

“गाडीक नाय मेल्या, देवाक! घाटाच्या देवाक. नारळ हा मां?”

नारळ होता. घाटमाथ्याच्या देवळासाठीच आणला होता. मी मागच्या सीटवरची टोपी आणून घातली, नारळ हातात घेतला, धूर ओकणाऱ्या बॉनेटपुढं उभा राहिलो. आमच्याकडे गाऱ्हाण्याची एक रीत आहे. घाडी एकेक वाक्य देवाच्या कानावर घालतो, आणि ज्याचं गाऱ्हाणं असतं त्यानं प्रत्येक वाक्यावर ‘व्हय म्हाराजा’ म्हणायचं. ते म्हटलं की वाक्य देवाकडे पोचलं. खोट्या वाक्यावर कुणी ‘व्हय म्हाराजा’ म्हणत नाही. निदान आमच्या गावात म्हटलेलं मी ऐकलं नाही. मी स्वतः गावभर थापा मारतो, पण नारळ हातात असताना नाही.

“बा देवा म्हाराजा! ह्या घाटाच्या राखणदारा म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा,” भाई.

“ही तुझ्या लेकराची गाडी आज उलट्यान चलूक लागली हा म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा.”

“फुडे घातली तर मागे जाता, मागे घातली तर फुडे जाता म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!” हे भाईंनी फार कळवळून म्हटलं.

“हो तुझा लेकरू आज भाचयेच्या लग्नाक, भैनीच्या दाराक जाऊक निघालो हा म्हाराजा!”

काही आवाज आला नाही.

मला वाटलं, इंजिनाच्या खडखडाटात ऐकू गेलं नसेल. मी पुन्हा म्हटलं, जरा चढ्या आवाजात. भाई बुटांकडे बघत होते.

“व्हय म्हाराजा,” धुळू म्हणाला.

भाई त्याच्यावर उसळले. “तू कित्याक म्हणतंस?”

“कुणीतरी म्हनाय पायजे की! द्येव ताटकळलाय, माज्या म्हशी खाली चालल्या.”

मी नारळ खाली केला. “भाई, म्हणा मां. लग्नाकच निघालाव मां आपण?”

“निघालंय लग्नाकच,” भाई म्हणाले. मग: “बाबी, गाडी बंद पडली नाय.”

“म्हणजे?”

“मी पाडलंय. ह्या वळणावर ब्रेक दाबलंय आणि क्लच दाबलंयच नाय. म्हटला, गाडी बिघडली असा सांगूक येयत. मागे घेतलंय असतंय, उतारावर सोडलंय असतंय, घराक गेलंय असतंय.”

डोकं माझं आधीच फिरलेलं होतं; आता ते कुठल्या दिशेनं फिरतंय हेही कळेना. “पण कशाक?”

तेव्हा त्यांनी सांगितलं. त्यांचा बापूस आषाढात गेला. घाटात दरड पडलेली, वरून एकही गाडी उतरत नव्हती. सगळे म्हणाले, किती वेळ ठेवायचं. भाईंनी थांबायला हवं होतं, पण थांबले नाहीत, अग्नी दिला. दुसऱ्या दिवशी सुलोचनाबाई आल्या. दरडीवरून चालत, लाल चिखलात कमरेपर्यंत माखलेल्या. अंगणात उभ्या राहिल्या, उंबरा ओलांडला नाही.

“म्हणाक लागली, माझ्या बापाशीचा तोंड माका बघूक देवक नाय. आता तुझा तोंड माका दाखवू नको.” भाईंनी काळ्या तोंडावरून काळा हात फिरवला. “अक्षत शंकररावान हाडल्यान. तिचो एक शब्द इलो नाय, बाबी. मी मांडवात जातलंय, आणि चार लोकांत तिना पाठ फिरवल्यान तर? हेमाच्या लग्नात तमाशो.”

चारही सिलिंडर बोलतच होते.

“असा करा,” मी म्हटलं. “घराक जावचा तर सोपा आसा. मी आणि ह्यो धनगर धक्को मारून गाडी वळवताव. तुमी मूठ ओढा, इंजिन बंद करा, उतारावर सोडा. तेलाक पण काय व्हवचा नाय. आणि वर जावचा तर बंद करूक येवचा नाय, चढणीवर धक्को मारून परत पेटवतलो कोण? असाच, रिवर्सात, हो काटो शून्यावर ठेवन चढूचा. इंजिन वाचात की जळात, देव जाणा.”

भाई आत बसले. उजवा हात मुठीवर ठेवला. मी बघत होतो. तो हात मुठीवर होता, ओढत नव्हता, सोडतही नव्हता. मला एकच काम नीट येतं, ते मी केलं. नारळ उचलला.

“बा देवा म्हाराजा! हो तुझा लेकरू भैनीच्या दाराक जावक भियता म्हाराजा!”

भाईंचे ओठ हलले. “व्हय म्हाराजा.”

“भियता, तरी जाता म्हाराजा!”

ह्या वेळी धुळूनं तोंड उघडलं नाही. दोन म्हशी वळणाआड गेल्या, तरी तो जागचा हलला नाही.

“व्हय म्हाराजा,” भाई म्हणाले, आणि मुठीवरचा हात उचलून त्यांनी दांडा रिव्हर्समध्ये टाकला.

आता मी एक गोष्ट आधीच सांगून टाकतो, नाहीतर तुमचा जीव तिथंच लटकून राहील. आठवड्यानं कोल्हापूरहून एक मेस्तरी आला, त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि कपाळावर हात मारला. म्हणाला, गाडी मागं घरंगळताना गिअरमध्ये होती, तिनं इंजिनाला उलटं फिरवलं, आणि ह्या जुन्या डिझेलला सुलटं काय, उलटं काय, दाब मिळाला की पेटायचं एवढंच कळतं. उलटं पेटलं, उलटं फिरत राहिलं. म्हणून पुढचे चारही गिअर मागचे झाले आणि मागचा पुढचा. धुराड्यातून हवा आत आणि नाकातून धूर बाहेर. तेलाचा पंपही उलटा, म्हणून काटा शून्यावर. भाईंनी सगळं ऐकलं आणि त्याला चहा पाजला. तो गेल्यावर मला म्हणाले, “शिकलेलो दिसता. पण त्याका देवाधर्मातला काय कळणा नाय.”

पण घाटात ह्यातलं काहीच आम्हाला ठाऊक नव्हतं. आम्हाला एवढंच ठाऊक होतं, की परत जायचा गिअर टाकला की गाडी बहिणीकडे जाते. गिअर एकच, आणि तोही सगळ्यांत हळू. आम्ही अशा वेगानं चढत होतो, की धुळूच्या चुकलेल्या रेडकानं आम्हाला मागं टाकलं. धुरानं माकडं खोकत झाडांवरून उतरली. घाटमाथ्यावरून येणाऱ्या ट्रकवाल्यानं आमची भट्टी पाहिली आणि ट्रक कडेला लावून नमस्कार केला. त्याला वाटलं असावं, कुणाची तरी अंत्ययात्रा आहे. भाई सारखे काट्याकडे बघायचे.

“जळाक लागला काय रे?”

“वास येता.”

“येवंदे.”

ज्या माणसानं तेलाची पट्टी कुणाला पुसू दिली नाही, तो ‘येवंदे’ म्हणाला. त्या क्षणी मला भाईंची पहिल्यांदा भीती वाटली.

कुंभारमाळच्या मांडवापुढं आम्ही पोचलो तेव्हा सनई थांबलेली होती. गाडी जळतेय असं समजून माणसं घागरी घेऊन धावली. एकानं भरलेली घागर बॉनेटवर ओतली. धुरात वाफ मिसळली, आणि आता पुढचं मला, मागचं भाईंना, आम्ही कुणाला, काहीच दिसेना. “वाजवा, वाजवा!” एक ओरडला. “विझवा म्हणा!” दुसरा. शंकरराव घाबऱ्या घाबऱ्या ओरडत होते, “भाई, भायेर या! भाई, भायेर या!”

भाई बाहेर येईनात. त्यांचे दोन्ही हात स्टिअरिंगवर, पाय ब्रेकवर, आणि नजर समोर. इंजिन चालू. मी माझ्या बाजूनं उतरलो, गाठोडं छातीशी, आणि वाफेतून सुलोचनाबाई आल्या.

मी त्यांना ओळखलं ते नाकावरून. भाईंचंच नाक. अंगावर नवा शालू, हातात कसला तरी तांब्या. मागं सगळा मांडव उभा. त्या भाईंच्या खिडकीपाशी येऊन थांबल्या. भाईंनी मान वळवली नाही. वळवणार कशी? तोंड दाखवायचं नव्हतं ना.

मी देवाचं नाव घेतलं नाही. आधीच त्याला पुष्कळ त्रास दिला होता.

“गाडी बंद कर,” त्या म्हणाल्या.

भाई समोरच बघत होते. “बंद केलंय तर परत चालू होवची नाय गो.”

“होवची नाय?”

“नाय.”

“मगे बंद कर.”

भाईंचा हात मुठीकडे गेला. ओढली. चार सिलिंडरांनी एकदा अंग झाडलं, एक खोकला दिला, आणि इतक्या वेळात पहिल्यांदा मला माणसांचे श्वास ऐकू आले.

दार सुलोचनाबाईंनीच उघडलं. भाईंना दंडाला धरून उतरवलं, उन्हात उभं केलं. भाईंच्या तोंडावर डोळे आणि दात एवढंच पांढरं होतं. बाईंनी ते तोंड नीट बघितलं. बराच वेळ बघितलं. मग शालूचा पदर तांब्यातल्या पाण्यात बुडवला आणि कपाळापासून सुरुवात केली.

“शालू खराब होतलो गो, सुले.”

“हालू नको.”

आतून भटजींची हाक आली. “मुहूर्त जवळ आला! मुलीचे मामा! मामा आले असतील तर लवकर आत पाठवा!”

सुलोचनाबाईंनी मागं वळून बघितलं नाही. इतकी वर्षं घाटावरची बोली बोललेली ती बाई, साऱ्या कुंभारमाळला ऐकू जाईल अशा आवाजात माहेरच्या बोलीत म्हणाली, “रवा हो भटजी! इलो हा. तोंड पुसतंय त्याचा.”